आपोआप थांबलेला आवाज

“खोकला नाही हो हा, पोटभाडेकरू आहे. एकदा घशात शिरला तो हलायचं नावच घेत नाही.”

हे वाक्य तिच्या कानात पडलं ते अगदी आत, कुणी कानाला तोंड लावून बोलावं तसं. जाड पडदे लावलेल्या त्या लहानशा खोलीत, डोक्यावर हेडफोन चढवून, ती पुढच्या परिच्छेदावर बोट ठेवून बसली होती. काचेपलीकडे ध्वनिमुद्रण करणारा तिच्याकडे पाठ करून फोनवर बोलत होता, आणि त्याचं कोपर नेमकं त्या बटणावर टेकलेलं होतं, जे दाबलं की तिकडचा आवाज आतल्या माणसाच्या कानात येतो. त्याला त्याचा पत्ताच नव्हता. “अहो, मी पुस्तक कापत नाहीये, खोकला कापतोय,” तो म्हणत होता. “अर्धं वाक्य झालं की खॉक. आवाज सोन्यासारखा आहे बाईंचा, वादच नाही. दुसरा आवाज बघा असं मी म्हणत नाही.” मग थोडं थांबून, “पण बघून ठेवा.” कोपर हललं आणि कान एकदम रिकामे झाले. तो वळला, हसला, अंगठा वर केला. “घ्यायचं का बाई?” ती म्हणाली, “घ्या.” आणि खोकली.

ऐकायच्या पुस्तकांसाठी ती वाचायची. कादंबऱ्या, चरित्रं, मध्येच एखादं बागकामाचं. पण लोकांनी तिला सगळ्यात जास्त ऐकलं होतं ते लिफ्टमध्ये. बऱ्याच वर्षांपूर्वी एका कंपनीने तिच्याकडून ‘तळमजला’, ‘पहिला मजला’, ‘दरवाजा बंद होत आहे’ असं एका बैठकीत म्हणून घेतलं होतं, आणि त्या लिफ्ट शहरभर लागल्या होत्या. त्यातल्या अर्ध्याअधिक लिफ्टची देखभाल तिचा नवरा करायचा. ओळखही तशीच झाली असं तो सांगायचा, ती मुळीच खरी गोष्ट नव्हती, पण पाहुण्यांना आवडायची. “दिवसभर ही मला वर जा, खाली जा सांगते,” तो म्हणायचा, “घरी आलो की तेच.” त्याच्या धंद्याचे काही ठाम नियम होते आणि ते तो जेवताना सांगायचा, जेवणाशी त्यांचा संबंध असो नसो. करकर करणाऱ्या लिफ्टला तो भीत नसे. करकरते आहे म्हणजे सांगते आहे, असं त्याचं म्हणणं. त्याला घाबरवायची ती वेगळी लिफ्ट. “महिनाभर खडखडत होती, कुणी हात लावला नाही, आणि परवापासून गप्प आहे म्हणतात. खूश आहेत सगळे. आपोआप थांबलेला आवाज, हे सगळ्यात वाईट. तिथे मी पहिला धावतो.” ती ‘हं’ म्हणायची आणि भात वाढायची.

खोकला कोरडा होता. सर्दी नाही, कफ नाही, ताप नाही. घशाच्या मागच्या भिंतीवरून कुणीतरी पीस फिरवतंय असं वाटायचं, आणि ते पीस नेमकं वाक्य रंगात आलं की फिरायचं. आधी तिला वाटलं हवा. मग वाटलं त्या पडद्यांमधली धूळ. गरम पाणी झालं, मध झाला, वाफ घेऊन झाली. हे सगळं करताना तिला खरं कारण माहीत नव्हतं असं मात्र नाही. रक्तदाबाची नवी गोळी लिहून देताना डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, “या गोळीने काही जणांना कोरडा खोकला येतो. आला तर मला येऊन सांगा, आपण दुसऱ्या जातीची देऊ. गोळ्या खूप आहेत, तुम्हाला सोसेल ती शोधू. पण मनाने बंद करायची नाही, आणि बरं वाटतंय म्हणून तर मुळीच नाही. हा आजार बोलत नाही, म्हणून तर त्याला मोजावं लागतं.” ती त्या वेळी पर्सची चेन लावत होती, पण ऐकणं हा तिचा धंदा होता. तिने शब्दन् शब्द ऐकला होता. सांगितलं असतं तर त्याच आवाजात, त्याच विरामांसकट म्हणून दाखवला असता.

मग गेली का नाही? हा प्रश्न तिने स्वतःला फार वेळा विचारला आणि दर वेळी वेगळं उत्तर दिलं. जायचं म्हणजे पुन्हा तो पट्टा दंडाला गुंडाळून घ्यायचा, तो फुगत जाताना भिंतीवरच्या हृदयाच्या लालनिळ्या चित्राकडे बघत बसायचं, आणि काय आकडा आला हे बाईंच्या भुवयांवरून ओळखायचं. दुसरी गोळी म्हणजे दुसरी काहीतरी भानगड. ती सोसली नाही तर तिसरी. एकदा त्या रांगेत उभं राहिलं की आपण ‘पेशंट’ झालो, आणि पेशंट हा शब्द तिने इतरांसाठी राखून ठेवलेला होता. शिवाय पुस्तक मध्यावर होतं. काचेपलीकडच्याने आणलेली एक मुलगी एकदा येऊन दोन पानं वाचून गेली होती, गोड गळ्याची, आणि तिच्या आधी कुणीतरी असंही म्हणालं होतं की आता यंत्रंच वाचतात म्हणे, माणसासारखी. यंत्राला खोकला येत नाही.

त्या कोपराच्या दिवशी तिने काही ठरवलं असं नाही. ठरवलं असतं तर कदाचित केलं नसतं. घरी येऊन, रोजच्यासारखी जेवण झाल्यावर गोळी पाकिटातून फोडली, तळहातावर घेतली, दुसऱ्या हातात पाण्याचा पेला. समोर स्वयंपाकघराच्या खिडकीत कुंडी होती, त्यात कुणीतरी दिलेलं, नाव माहीत नसलेलं, कधीही न फुलणारं एक झाड. तिने गोळी मातीत खोचली, नखाने वर माती ओढली, आणि पाणी पिऊन टाकलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. पाकीट अगदी प्रामाणिकपणे रिकामं होत गेलं. नवरा केमिस्टकडून नवं आणायचा, ती ते फोडायची. झाडाचा रक्तदाब तरी आटोक्यात राहील, असं तिने एकदा मनात म्हटलं आणि स्वतःच्याच विनोदाला हसली, आणि हसता हसता थांबली, कारण त्या हसण्याचा आवाज तिला ओळखीचा वाटला.

तो बाबांचा होता.

बाबा कापडाच्या दुकानात विक्रेते होते. बोलण्यावर त्यांचं पोट होतं आणि पोटापेक्षा जास्त ते बोलायचे. गिऱ्हाईक रिकाम्या हाताने गेलं तरी हसत जायचं. त्यांनाही गोळ्या होत्या, आणि त्या गोळ्यांनी दुपारी गळून गेल्यासारखं होतं अशी त्यांची तक्रार होती. काउंटरमागे जांभई देणारा विक्रेता म्हणजे तोंड शिवलेली पिशवी, ते म्हणायचे. मग एका जेवणाला त्यांनी जाहीर केलं की मी सोडल्या. “मला काय धाड भरलीय? बघा, कसा पिसासारखा हलका झालोय.” आणि खरंच झाले होते. पुन्हा नकला करायला लागले, आईला चिडवायला लागले. आई खूश होती. दोघी बहिणी खूश होत्या. पुढे एक दिवस ते दुकानात कापड मोजता मोजता खाली बसले, आणि दवाखान्यातून परत आले तेव्हा त्यांच्याकडे एकच शब्द उरला होता. ‘अगं’. पाणी हवं असलं की अगं, वर्तमानपत्र हवं असलं की अगं, आई समोर बसून रडायला लागली की अगं, अगं, अगं. ती तेव्हा कॉलेजात होती आणि त्या एका शब्दाचे किती प्रकार होतात हे तिने ऐकून ऐकून शिकून घेतलं. तिचा आवाज लोक ‘भावपूर्ण’ म्हणतात तेव्हा तिला हेच आठवतं, आणि ती ‘थँक्यू’ म्हणते. घरात पुढे त्या प्रकरणाला नाव पडलं नाही. ‘बाबांचं ते झालं तेव्हा’ असं म्हणायचे सगळे. ते कशामुळे झालं हे आई मरेपर्यंत कुणी उच्चारलं नाही, आणि आई गेल्यावर तर दोघी बहिणींना उच्चारायला कारणच उरलं नाही. घराबाहेरच्या एकालाच ते ठाऊक होतं, नवऱ्याला; लग्नानंतर तिने एकदाच त्याला सांगितलं होतं.

खोकला गेला तो सांगून गेला नाही. एक दिवस तिच्या लक्षात आलं की सबंध पान झालं आणि आपण थांबलो नाही. काचेपलीकडचा चष्म्यावरून बघत होता. “बरं झालं बाई,” तो म्हणाला, “मी म्हणत होतोच, ऋतू बदलला की जाईल.” कुठला ऋतू, काय बदललं, त्यालाही माहीत नव्हतं. खोकल्याच्या दिवसांत नवरा उशी काखेत मारून बाहेरच्या खोलीत गेला होता. “तुझ्या खोकल्याशी माझं भांडण नाही,” असं जाहीर करून गेला होता, “पण त्याच्याबरोबर संसार होणार नाही.” तो तसाच, उशी काखेत मारून, परत आला. “बरं झालं,” म्हणाला, आणि पाठ टेकताच घोरायला लागला. ताईचा फोन आला. ताई बोलण्यात आईवर गेली होती, न थांबता बोलायची, त्या दिवशी मात्र बोलता बोलता थांबली. “आज एकदाही खोकली नाहीस गं.”

“हो. गेला.”

“औषध बदललं का?”

“नाही. तसाच गेला. आपोआप.”

तिकडे काही क्षण नुसता ताईचा श्वास होता. तिला वाटलं, आता ताई म्हणेल. तिने फोन कानाला इतका दाबून धरला की कान दुखला. “बरं झालं,” ताई म्हणाली. “मग काय, पडदे धुतलेस का?” आणि दोघी पडद्यांवर बोलल्या. इतकं पडद्यांवर त्या आयुष्यात बोलल्या नव्हत्या.

घरी रक्तदाब मोजायचं यंत्र होतं, कपाटात, त्याच्या खोक्यात. त्याचे सेल तिने एक दिवस काढून भिंतीवरच्या घड्याळाला घातले. घड्याळ बंद पडलं होतं, घरात घड्याळ चालायला हवं की नको? नवे सेल आणायचे रोज राहून जात होतं. कधी मान मागून जड वाटायची, कधी नाही. कधी जिना चढताना कानशिलं तापायची, पण या वयात कानशिलं कशानेही तापतात. ती स्वतःला तपासत राहायची आणि तपासते आहे हे स्वतःपासून लपवायची. भाजी चिरताना मध्येच मोठ्याने एखादं अवघड वाक्य म्हणून बघायची. नवरा विचारायचा, “काय?” ती म्हणायची, “काही नाही, सराव.”

आज दुपारी त्या पडद्यांच्या खोलीत तिला ठोका ऐकू यायला लागला. आधी वाटलं, बाहेर कुणी भिंतीत खिळा मारतंय. पण त्या खोलीत बाहेरचं काही येत नाही, खोलीचे पैसे त्याचसाठी मोजलेले असतात. ठक. ठक. वाचायला लागलं की मागे जायचा, श्वास घ्यायला थांबलं की पुढे यायचा, जणू तिच्या विरामांवर टपून बसला होता. तिने हात वर करून थांबवलं.

“काहीतरी ठकठक येतेय.”

त्याने कळा फिरवल्या, वायर हलवून पाहिली, डोळे मिटून ऐकलं. “नाही हो. इथे काही नाही. एकदम स्वच्छ आहे.”

“मला येतेय.”

“घड्याळ असेल हातातलं.”

तिच्या हातात घड्याळ नव्हतं. तिने हेडफोन काढले तर ठोका गेला, चढवले तर आला. मग तिला कळलं की तो बंद कानांमध्ये वाजतोय, तिचा स्वतःचाच आहे. सगळ्यांना ऐकू जात होता तो खोकला तिने ऐकला नव्हता, आणि आता हे जे वाजत होतं ते जगात फक्त तिला ऐकू येत होतं. “चला, घ्या,” ती म्हणाली. पुढचं वाक्य साधं होतं. कुणीतरी पायऱ्या उतरून अंगणात येतं. तिने ‘पायऱ्या’ पाहिलं, अक्षरं स्वच्छ दिसली, आणि जीभ जागची हलली नाही. क्षणभरच. एरवी असं दिवसातून दहादा होतं, वाचणाऱ्या प्रत्येकाचं होतं, तो म्हणाला देखील, “होतं हो, परत घ्या.” पण तिच्या डोक्यात दुसराच आवाज सुरू झाला होता. तो तिचाच होता. मध्ये एका मोठ्या दवाखान्याच्या प्रतीक्षागृहासाठी तिने सूचना वाचून दिल्या होत्या, आणि त्यातली एक शांत, गोड, स्पष्ट: ‘चेहरा एका बाजूला वाकडा होणे, एक हात उचलता न येणे, शब्द अडखळणे, यांपैकी काहीही दिसल्यास क्षणाचाही विलंब करू नका.’ त्या दिवशी ‘विलंब’मधला ‘ब’ नीट यावा म्हणून तिने तो पुन्हा पुन्हा म्हटला होता. आता तिने काचेतल्या आपल्या प्रतिबिंबाकडे पाहून हसून बघितलं, दोन्ही ओठ सारखे गेले का ते पाहायला. मग दोन्ही हात समोर उचलले आणि तसेच धरून ठेवले. काचेपलीकडचा गोंधळला, मग त्यानेही हसून दोन्ही हात वर करून हलवले. “झालं का आजचं?” त्याने विचारलं. ‘पायऱ्या,’ ती पुटपुटली. ‘पायऱ्या, पायऱ्या, पायऱ्या.’ आला शब्द. सहज आला. “हो,” ती म्हणाली, “झालं आजचं.”

रस्त्यावर संध्याकाळची गर्दी होती आणि सगळी माणसं बोलत होती. इतकं बोलतात माणसं, आणि कशावर! कुणी फोनवर कुणाला तरी सांगत होतं की कुलूप लावलंय, लावलंय, लावलंय. केमिस्टच्या दुकानात काउंटरवर तसलंच यंत्र ठेवलेलं होतं, पट्टा गुंडाळलेला, एखादं जनावर अंग चोरून झोपावं तसं. “बोला ताई,” केमिस्ट म्हणाला. बोलायचंच तर होतं. तिने तोंड उघडलं, आणि घशाच्या गोळ्या मागितल्या, ज्यांची तिला आता काडीचीही गरज नव्हती. त्याने दिल्या. वर म्हणाला, “खोकला कमी दिसतोय तुमचा. बरं झालं.” ती पळाल्यासारखी बाहेर आली. हलकं वाटत होतं. पिसासारखं. तेच तर वाईट होतं.

इमारतीच्या खाली नवरा भेटला, हत्यारांची पिशवी खांद्यावर, बोटं ग्रीसने काळी. दोघं लिफ्टमध्ये शिरले. तो शिरला की सवयीने भिंतीला तळवा लावून उभा राहायचा, गाईच्या पाठीवर ठेवावा तसा. ‘दरवाजा बंद होत आहे,’ ती वरून म्हणाली, तरुण, कोवळ्या, कशाचीही भीती नसलेल्या आवाजात. बऱ्याच वर्षांपूर्वीची ती.

“आज गप्प?” नवऱ्याने विचारलं.

“डोकं दुखतंय जरा.”

“कधीपासून?”

“आत्ताच. काही नाही रे.”

त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. भिंतीवरच्या आपल्या तळव्याकडे पाहिलं. मजला आला, तो तिच्या आवाजाने सांगितला, दरवाजा उघडला. ती बाहेर पडायला निघाली तर तो दरवाज्यात पाय देऊन आडवा उभा. ती थांबली. त्याच्या कपाळावरची शीर दिसत होती, जड मोटर एकट्याने उचलताना दिसते तशी.

“आपल्या घरात कुंडीला पाणी कोण घालतं?” त्याने विचारलं.

तिच्या कानात ठोका आला. हेडफोन नव्हते, तरी आला.

“तू,” ती म्हणाली.

“मी. रोज सकाळी. मातीत पांढरं दिसतं. कधी अख्खं, कधी विरघळलेलं.” ‘कृपया दरवाज्यातून बाजूला व्हा,’ वरची तरुण बाई म्हणाली. त्याने पाय हलवला नाही. “मी काय करतो माहितीये? बोटाने आत ढकलतो आणि वर पाणी घालतो. लोकांच्या लिफ्टचा आवाज आपोआप थांबला की मी जेवण टाकून धावतो. आणि घरी...” त्याने मान हलवली. “मला झोप लागत होती गं. इतक्या दिवसांनी. तू वाचत होतीस, गुणगुणत होतीस. म्हटलं, विचारीन उद्या.”

‘कृपया दरवाज्यातून बाजूला व्हा.’

“हो बाई, होतोय,” तो वरच्या आवाजाला म्हणाला, आणि हे तो नेहमी म्हणायचा, पण आज त्यात विनोद नव्हता. तिला हसू आलं नाही, रडूही आलं नाही. तिला फक्त वाटलं, आता खोकला यावा. आत्ता, लगेच, सगळ्या इमारतीला ऐकू जाईल असा यावा. समोर त्यांच्या घराचं दार होतं, दाराआड खिडकी, खिडकीत ते नाव नसलेलं झाड, आणि भिंतीवर दुसऱ्याच कशाच्या तरी सेलवर चालणारं घड्याळ. त्याने पाय आत घेतला. काळ्या बोटाने सगळ्यात खालचं बटण दाबलं. दरवाजा बंद होत असल्याचं तिने स्वतःच्याच तोंडून ऐकलं आणि पायांखालची जमीन हलकेच सुटली.

“अरे, खाली कुठे? घर आलं होतं ना.”

“डॉक्टरीणबाई बसलेल्या असतात अजून. दुसरी गोळी देतील. खोकला न येणारी.”

“पण आत्ता? असं अचानक?”

तो पहिल्यांदा तिच्याकडे वळला. भिंतीवरचा तळवा काढून त्याने तो तिच्या पाठीवर ठेवला, तसाच, ऐकत असल्यासारखा.

“तू गोळ्या बंद केल्या आहेस,” तो म्हणाला. “तुझ्या बाबांनी केल्या होत्या, तशाच.”